चाचांनी बघितलेलं कॉलेज

चाचांच्या दुकानात पंखा नव्हता. वीज होती, दिवा होता, छताला पंख्याचा हूकसुद्धा होता. पण मे महिन्यात कोल्हापूरच्या गुजरीतले सराफ घामाने निथळत आपले सोनं तोलायचे काटे दुरुस्तीला आणायचे, तेव्हाही त्यांना बिनपंख्याचंच बसावं लागे. बसावं कसलं, उभं राहावं लागे, तेही दाराबाहेर. आत काट्याची पारडी डोलत असली की श्वासाच्या वाऱ्यानेही माप बिघडतं म्हणून कुणालाही आत यायची परवानगी नसायची. "आधी बाहेर जाऊन दम टाकून या," असं ते एका बड्या सराफाला म्हणाले होते. सराफ मुकाट गल्लीत जाऊन उभा राहिला.

काटे आणि प्रयोगशाळेतली उपकरणं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. गडहिंग्लजपासून जयसिंगपूरपर्यंतच्या कॉलेजांतले गॅल्व्हानोमीटर, मायक्रोस्कोप, भौतिक तराजू त्यांच्या टेबलावर येऊन उघडे पडलेले असत. वाडीच्या देवळाबाहेरच्या पेढेवाल्यांचे काटे तपासायला ते महिन्यातून एकदा एसटीने जात. शिक्षण सातवी. वय सत्तरीच्या आसपास. नक्की किती ते त्यांनाही माहीत नव्हतं, आणि जे नक्की माहीत नाही ते ते सांगत नसत. "चाचा, किती वाजले?" असं विचारलं तर म्हणत, "कुणाच्या घड्याळात?"

आमचं दुकान त्यांच्या शेजारी. वह्या, पाठ्यपुस्तकं, जुनी पुस्तकं, रद्दी. माझ्या वडिलांना, अण्णांना, सगळी गल्ली अण्णाच म्हणायची, आणि चाचांना सगळी गल्ली चाचा. दोघांची मैत्री होती असं म्हणता येणार नाही. अण्णा मोजकं बोलणारे, देरासरात दर्शन घेऊन आल्याशिवाय दुकान न उघडणारे. चाचा मोठ्या आवाजात जे दिसेल ते बोलणारे.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात शंभर ग्रॅमचं पितळी वजन कायम असे. कपिलतीर्थ मंडईत भाजी घ्यायला गेले की आधी ते वजन भाजीवालीच्या काट्यावर ठेवायचं, आकडा बघायचा आणि मग वांगी निवडायची. "आलं बघा इन्स्पेक्टर," असं बायका लांबूनच ओरडत. एकदा मी सोबत होते. काट्यावर पंच्याण्णव आलं. भाजीवाली घाबरली. चाचा म्हणाले, "अगं, तुझा काटा कमी दावतोय. तूच रोज जास्त माल दिऊन बसतीयास की! संध्याकाळी घिऊन ये." ती दुसऱ्या दिवशी काटा घेऊन आली, तेव्हा तिला तासभर दाराबाहेर उभं केलं ते वेगळंच.

आमच्या रद्दीच्या काट्यावरही एका सकाळी ते वजन येऊन बसलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. चाचा आकडा बघून म्हणाले, "अण्णा, तुमचा काटा किलोमागं पन्नास ग्रॅम खातोय." अण्णा लालबुंद झाले. दोन दिवस त्यांनी शेजारच्या दाराकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः काटा उचलून चाचांच्या दाराशी जाऊन उभे राहिले. त्यानंतर चाचांनी सांगितलेल्या कुठल्याही मोजमापावर अण्णांनी कधी शंका घेतली नाही. पुढे माझ्या बाबतीत जे झालं त्याला हे कारण आहे, म्हणून सांगितलं.

मी बारावीला असताना चाचांनी एक काम गमावलं. त्या प्रसंगात मी होते.

आमच्या ज्युनिअर कॉलेजात पाण्याचा पृष्ठताण काढायचा प्रयोग होता. काचेच्या बारीक नळीत पाणी चढतं, ते किती चढलं हे ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपने मोजायचं. लॅबमध्ये असे दोन मायक्रोस्कोप होते आणि दोन्ही बंद पडले म्हणून डिसेंबरात चाचांकडे गेले. प्रयोग जानेवारीत होता. आम्ही मागच्या वर्षीच्या मुलींच्या जर्नलमधून रीडिंग उतरवून घेतली. मॅडमना माहीत होतं. वर्गातल्या सगळ्यांचं उत्तर बहात्तर आलं, पुस्तकात जवळपास तेवढंच दिलेलं असतं.

फेब्रुवारीत, बोर्डाच्या प्रॅक्टिकलच्या आधी, चाचा दोन्ही मायक्रोस्कोप कापडात गुंडाळून घेऊन आले. मॅडम जर्नलवर सह्या करत होत्या आणि आम्ही रांगेत उभ्या होतो. पोचपावतीवर सही मिळेपर्यंत चाचा टेबलाशी थांबले आणि वरचं जर्नल उघडून वाचायला लागले. ते माझं नव्हतं, माझ्या पुढच्या मुलीचं होतं.

"मॅडम," ते म्हणाले, "हे रीडिंग दहा जानेवारीचं हाय."

"हो. मग?"

"दहा जानेवारीला ह्ये दोन्ही मायक्रोस्कोप माझ्या टेबलावर उघडं पडलं हुतं. स्क्रू येगळं, भिंगं येगळी. पोरींनी मोजलं कशावर?"

मॅडम हसल्या. "चाचा, सगळीकडे असंच असतं हो. तुम्ही सही घ्या."

चाचांनी सही घेतली नाही. ते प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. मायक्रोस्कोप कधी नेले आणि कधी आणले या दोन्ही तारखा त्यांनी पावतीवर मोठ्या अक्षरात लिहिल्या होत्या. "ह्या तारखांवर सही करा," एवढंच ते म्हणत राहिले. बाहेर आम्हाला आवाज ऐकू येत होता. शेवटी सही झाली. त्या कॉलेजातून चाचांकडे पुन्हा एकही उपकरण आलं नाही. पुढच्या सहा महिन्यांत आणखी दोन कॉलेजांनी काम बंद केलं. चाचांनी त्याबद्दल गल्लीत कुणाकडे तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकानावरून जाताना त्यांनी हाक मारली.

"तुझं किती आलतं?"

"बहात्तर," मी म्हणाले. खोटं बोलायची सोय नव्हती.

"ये आत."

मी पहिल्यांदाच त्या दुकानात आत बसले. त्यांच्याकडे त्यांचा स्वतःचा एक जुना मायक्रोस्कोप होता. नळी होती. पाणी गल्लीतल्या नळाचं होतं. मला काहीही न सांगता ते बाजूला काटा साफ करत बसले. मी तीन दिवस येऊन मोजत होते. पहिल्या दिवशी मला पाण्याची कडाच दिसली नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, चौसष्ट.

"चुकलं," मी म्हणाले.

"चुकलं आसंल. नळी घाण आसंल, पाणी घाण आसंल, तुझा डोळा कच्चा हाय. खरं ह्ये तुझं हाय. त्ये बहात्तर कुणाचं हुतं कुणास ठाऊक."

मला तो चौसष्टचा आकडा का सोडवेना हे सांगता येणार नाही. नळी ॲसिडने धुवून मी पुन्हा मोजलं, तेव्हा सदुसष्ट आलं. पुस्तकापर्यंत मी कधीच पोचले नाही. पण त्याच उन्हाळ्यात, वर्गातले सगळे कॉम्प्युटरच्या गोष्टी करत असताना, मी घरी सांगितलं की मला इंजिनिअरिंग फिजिक्सला जायचंय.

"म्हणजे इंजिनिअरिंग का फिजिक्स?" अण्णांनी विचारलं.

"दोन्ही."

"मग नोकरी कशात लागते?"

सीईटीला मार्क बरे पडले होते. कोल्हापुरातच कॉम्प्युटरला प्रवेश मिळेल, घरून जाऊन-येऊन शिकता येईल, असं अण्णांचं गणित होतं, आणि त्यात चूक काही नव्हती. इंजिनिअरिंग फिजिक्स माझ्या मार्कांना दोनच ठिकाणी मिळण्यासारखं होतं. एक पुण्याच्या बाहेरचं नवं खासगी कॉलेज, काचेच्या इमारतीचं. दुसरं सात तासांच्या एसटीच्या अंतरावरचं जुनं सरकारी कॉलेज. त्याची वेबसाइट उघडायलाच पाच मिनिटं लागायची आणि त्यावर फोटो एकच होता, तोही गेटचा. आठवडाभर घरात वाद चालला. आई दोन्ही बाजूंनी बोलून बघायची.

शेवटी अण्णा वैतागून खासगी कॉलेजचं गुळगुळीत माहितीपुस्तक घेऊन शेजारी गेले. मी मागून गेले. चाचांनी हात पुसले, पुस्तक उघडलं आणि प्रयोगशाळेच्या फोटोवर बराच वेळ थांबले.

"ह्यात बारा पोरं हायत," ते म्हणाले. "एकाचा तरी हात उपकरणाला लागलाय का बघा. सगळी हाताची घडी घालून हुबी हायत."

"फोटो आहे तो, चाचा," मी म्हणाले.

"मग फोटो बघून काय कळतंय? जाऊन बघाय पायजे."

चाचांचा एक हिशेब होता. चाळीस वर्षांच्या पोचपावत्या त्यांनी तारेला टोचून ठेवल्या होत्या. ज्या कॉलेजातून दरवर्षी मोडकी उपकरणं येतात तिथे मुलं कामं करतात. जिथून कधीच काही येत नाही तिथे कपाटं बंद असतात. जिल्ह्यातल्या कुठल्याही कॉलेजबद्दल ते असं सांगू शकत. ही दोन कॉलेजं त्यांच्या टापूबाहेरची होती, म्हणून त्यांनी सरळ पिशवी भरली, पेचकस आणि चिमटे घेतले आणि पुण्याच्या गाडीत बसले. मी त्यांना जा म्हणाले नव्हते. अण्णाही म्हणाले नव्हते. कॉलेजच्या दारात जाऊन 'उपकरणं दुरुस्त करतो, काय काम हाय का' असं विचारायचं, एवढाच त्यांचा बेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले ते थेट आमच्या दुकानाच्या पायरीवर बसले.

"तितं काय बिघडत न्हाय," ते म्हणाले. "तीन वर्सं झाली म्हणं लॅब हून. एक स्क्रू ढिला न्हाय. वायरी अजून प्लास्टिकच्या पिशवीत हायत. मी त्या पोराला इचारलं, पिशवी का काढली न्हाय? म्हणतोय, सर रागावतात."

अण्णांनी माहितीपुस्तक रद्दीच्या ढिगावर ठेवलं.

सरकारी कॉलेजला ते चार दिवसांनी गेले. ऑप्शन फॉर्म भरायला तेव्हा दोन दिवस उरले होते. जाताना सात तास, येताना सात तास, जूनचं ऊन. परत आले ते चिडलेले होते.

"मला कामच न्हाय तितं," ते म्हणाले. "पोरंच खोलत्यात आणि पोरंच जोडत्यात. एकानं गॅल्व्हानोमीटरची तार अशी कथलाचा डाग दिऊन जोडलीया, बघवत न्हवती मला. म्हटलं, कुणी शिकीवलं रं ह्ये? म्हणतोय, कुणी न्हाय. पिवळ्या भिंतीची खोली हाय, खिडकीत निलगिरीचं झाड हाय, आणि टेबलं अशी जळल्यात की हात ठिवाय जागा न्हाय."

"मग?" अण्णांनी विचारलं.

"मग काय? तितं घाला तिला."

अण्णा थोडा वेळ रद्दीच्या काट्याकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "भर."

मी पहिल्या क्रमांकावर ते कॉलेज भरलं आणि पहिल्याच फेरीत ते मिळालं.

तिथे पोचल्यावर पहिले दोन आठवडे मी ती खोली शोधत होते. आमच्या शाखेत अठरा जण. विभाग म्हणजे दोन वर्ग आणि एक कुलूप लावलेली प्रयोगशाळा. लॅब सांभाळणारे सर निवृत्त झाले होते, जागा भरलेली नव्हती. "वरनं माणूस आला की उघडेल," असं ऑफिसात सांगत. पहिल्या वर्षाला तसंही मोठ्या हॉलमध्ये सगळ्या शाखांचं मिळून प्रॅक्टिकल असतं, त्यामुळे कुणाला घाई नव्हती. पण पिवळी भिंत कुठे होती? निलगिरी कुठे होती?

तिसऱ्या आठवड्यात सापडली. मेसकडे जाताना मागच्या बाजूला एक बैठी इमारत होती. खिडकीत निलगिरी. आत मुलं खरंच टेबलावर ओणवी होऊन डाग देत होती. दारावर पाटी होती: इन्स्ट्रुमेंटेशन, पदविका विभाग. ते डिप्लोमाचं कॉलेज होतं. दोन्ही कॉलेजांचं गेट एक, वॉचमन एक. पिशवीत पेचकस घेऊन आलेल्या म्हाताऱ्याने उपकरणांची लॅब कुठं विचारलं आणि वॉचमनने त्याला उपकरणांच्या लॅबकडे धाडलं. त्याचंही काही चुकलं नव्हतं.

मी त्या इमारतीच्या पायरीवर बसून रडले. राग चाचांचा आला, अण्णांचा आला, सगळ्यात जास्त माझा आला. एवढा मोठा निर्णय मी एका माणसाच्या एका फेरीवर टाकला होता. कोल्हापुरातल्या मैत्रिणींचे कॉम्प्युटरच्या वर्गातले फोटो मोबाइलवर येत होते. घरी फोन केला तेव्हा अण्णांनी विचारलं, "लॅब कशी आहे?" मी म्हणाले, "चांगली आहे." पुढे वर्षभर मी तेच म्हणत राहिले.

पहिल्या वर्षी दिवाळीला घरी गेले तर आधी चाचांचाच आवाज कानावर आला. दुकानाबाहेर उभ्या असलेल्या सराफाला ते सांगत होते, "ही ती पोरगी. पिवळ्या खोलीत असती." मी हसले आणि घरात निघून गेले. सुट्टीभर त्यांच्या दारावरून जायचं टाळलं.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीला मात्र गेले. ते चष्म्यावर आणखी एक भिंग लावून काम करत होते. मी बाहेर थांबले. पारडी स्थिर झाली तेव्हा त्यांनी मान वर केली.

"ये की. तार नीट जोडाय शिकली का ती पोरं?"

"चाचा, ती खोली आमची न्हाय," मी म्हणाले. त्यांच्याशी बोलताना माझी भाषा आपोआप त्यांच्यासारखी होते. "ती डिप्लोमाची हाय. आमची लॅब तुम्ही गेला तवा कुलपात हुती. मी गेले तवाबी कुलपातच हुती."

त्यांनी चिमटा खाली ठेवला. भिंग काढलं.

"वॉचमननं दावली मला."

"त्याला वाटलं तुम्हाला तीच पायजे."

"मी पाटी वाचली न्हाय," ते म्हणाले. "दारावर पाटी आसंल की."

"हुती."

"अण्णांस्नी ठाव हाय?"

"न्हाय."

ते उठले. मी अडवायच्या आत पायऱ्या उतरून आमच्या दुकानात गेले. दिवाळीनंतरचं सत्र सुरू व्हायचं होतं, वह्या घ्यायला पाच-सहा गिऱ्हाइकं होती. चाचा त्यांच्यामध्येच उभे राहिले.

"अण्णा, तुमच्या पोरीला मी चुकीचं सांगितलं. मी दुसरंच कॉलेज बघून आलतो. तिच्या कॉलेजची लॅब बंद हुती."

गिऱ्हाइकं आमच्याकडे बघायला लागली. अण्णांनी हातातला गठ्ठा खाली ठेवला आणि मला विचारलं, "दीड वर्ष?"

"हो."

"मग आता काय करायचं? सोडून यायचं का?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते खरंच विचारत होते. माणसाने आपलं चुकलं म्हटल्यावर अण्णांना पुढे भांडता येत नसे.

"नको," मी म्हणाले. मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. डिप्लोमाच्या सरांना विचारून वर्षभर मी दुपारी चारनंतर त्या पिवळ्या खोलीत बसत होते. दुसऱ्या वर्षी आम्ही तिघींनी लॅब उघडायचे अर्ज करायला सुरुवात केली. सहा अर्ज गेले. सातव्यावर विभागप्रमुखांनी कंटाळून लिहिलं, 'विद्यार्थ्यांच्या जबाबदारीवर.' ऑगस्टमध्ये कुलूप तोडावं लागलं, कारण जुनी किल्ली सापडली नाही. आता नवं कुलूप आहे आणि त्याची किल्ली माझ्याकडे असते. कपाटातली निम्मी उपकरणं मेलेली आहेत. आम्ही त्यातली चार चालू केली आहेत.

एक गिऱ्हाईक उगाचच "वा" म्हणालं. अण्णा चाचांकडे वळले. "बघा. झालं की चांगलंच."

"न्हाय," चाचा म्हणाले. "लॅब तिनं उघडली. मी सांगितलेलं चूकच हुतं." अण्णांनी पुढे केलेलं स्टूल त्यांनी घेतलं नाही. आपल्या दुकानात जाऊन कामाला बसले.

मला वाटलं होतं विषय संपला. पण पुढच्या जूनपासून एक नवी गोष्ट सुरू झाली. निकाल लागले की गल्लीतले, पेठेतले, पार गडहिंग्लजहून काटे घेऊन येणारे लोक चाचांना विचारतात, पोराला कुठं घालू? पूर्वी ते पावत्यांची तार काढायचे. अजूनही काढतात, पण त्याआधी आमच्या दुकानाकडे बोट दाखवून म्हणतात, "माझं एकदा चुकलंय. कसं चुकलं ते आधी त्या पोरीला इचारा, मग माझं ऐका." आणि अण्णा निमूटपणे माझा नंबर लिहून देतात.

मग मला हॉस्टेलवर फोन येतो. अनोळखी आवाज, बहुतेक कुणाची तरी आई किंवा काका. "चाचांनी नंबर दिलाय. त्यांचं काय चुकलं होतं म्हणे?" मी सगळं सांगते. वॉचमन, निलगिरी, पाटी, कुलूप, काहीही न गाळता. ऐकून घेतल्यावर पलीकडून शेवटचा प्रश्न ठरलेला असतो, "मग कॉलेज चांगलं आहे का वाईट?"

"तुम्ही स्वतः या," मी म्हणते. "गेटवर मला फोन करा. मी न्यायला येते."

गेल्या जूनमध्ये पाच जण आले होते.